छातीवर फिरणारा हात

आमच्या आयसीयूत पेशंट दाखल करून घेताना मी एक प्रश्न विचारते. तो कुठल्याच फॉर्मवर छापलेला नाही. "ह्यांच्या अंगावरचं काय काढायचं न्हाई?" नव्या पोरी एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. वीस वर्षं मीही दागिने, घड्याळ, कवळी, करदोटा सगळं एका दमात उतरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत होते. त्या कामात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

मी बिदरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. माहेर भालकी तालुक्यातलं, घर लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग, म्हणजे शिवाचं छोटं लिंग, बांधतात. चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यात अडकवलेलं. ते अंगावेगळं करायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मगच तोंडात अन्नपाणी घालायचं, असं जुनी माणसं पाळतात. माणूस जायला लागला की तेच त्याच्या हातात देतात आणि ते त्याच्याबरोबर मातीत जातं. हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या वडिलांनी पूजा झाल्याशिवाय कधी चहासुद्धा घेतला नाही, आणि युनिफॉर्मच्या आत माझ्याही गळ्यात लिंग असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खटकचिंचोळीकडचे एक अप्पा सोमवारी ॲम्ब्युलन्सने आले. वय ऐंशीच्या घरात. तूर-हरभऱ्याचा व्यापार आणि थोडी शेती करणारा माणूस. फुप्फुसं बरीच वर्षं खराब होत आली होती आणि आता त्यांच्यात काही उरलं नव्हतं. धाप एवढी की शब्द फुटत नव्हता. छातीवर वायरी चिकटवायच्या होत्या, एक्स-रे काढायचा होता, सगळीच घाई. दोऱ्याची गाठ सुटेना, म्हणून मी तो कात्रीने कापला. डबी, कवळी आणि घड्याळ पिशवीत टाकून बाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात दिलं. तो बिदरजवळच्या कोळारला कारखान्यात कामाला होता. त्याने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. दवाखान्याचा नियम असेल, असं त्याला वाटलं. पुढे कपड्यांच्या गाठोड्याबरोबर त्याने ती पिशवी बसने गावाकडे पाठवून दिली.

मंगळवारी अप्पांचा हात छातीवर फिरायला लागला. सारखा. वायरी निघायच्या, मशीन ओरडायचं, मी पळत जाऊन पुन्हा चिकटवायची. चमचा पुढे केला की ते ओठ घट्ट मिटायचे. मी कन्नडमधून सांगितलं, मराठीतून सांगितलं, थोडी रागावलेसुद्धा. शेवटी फाईलमध्ये लिहिलं की पेशंट जेवण नाकारतो, आणि नाकातून नळी घातली. मग ते नळी ओढतील म्हणून बुधवारी सकाळी त्यांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या दांड्यांना बांधले. मीच बांधले. म्हातारा भारी हट्टी आहे, असं मी जेवायच्या सुट्टीत मैत्रिणीला सांगितलं आणि डब्यातली भाकरी खाल्ली.

गुरुवारी दुपारी दोनला वॉचमन सांगत आला की एक बाई दारातून हलत नाही. आमची भेटायची वेळ सकाळी अकरा ते सव्वाअकरा, तीही एकालाच. नियम सांगून परत पाठवायला मी बाहेर गेले. अशा कामाला मलाच पुढे करतात, कारण माझी जीभ तिखट आहे.

अप्पांची बायको होती. तिला हे सोसणार नाही म्हणून मुलाने तिला गावातच ठेवलं होतं. कपडे धुवायला काढताना तिला ती पिशवी सापडली होती. गुडघे धरून ती एकटीच बसने भालकीला आली आणि तिथून बिदरला. मी नियम सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने पदराची गाठ सोडून डबी दाखवली. दोन मिनिटांत बाहेर यायचं, असं बजावून तिला आत नेलं.

पलंगाजवळ येऊन ती आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची नजर हातांवर गेली.

"हात कामून बांधलास, माय?"

"वायरी ओढायलेत, अव्वा."

"वायरी न्हाई ओढायलेत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ह्ये शोधायलेत."

मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पट्ट्या सोडायला वाकले. मीच मारलेल्या गाठी मला सुटेनात. वाकल्यावर माझ्या कॉलरमधून दोरा बाहेर आला आणि डबी लोंबायला लागली. तिने ती बघितली.

"तुझ्याबी गळ्यात हाय की," ती म्हणाली. एवढंच. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तिने वाटीभर पाणी मागितलं. मी आणून दिलं. तिने लिंग धुतलं, विभूती लावली आणि अप्पांच्या डाव्या हातात दिलं. बोटं मिटली. उजवा हात छातीवर आला, एकदा चाचपडला आणि तिथेच थांबला. दोन दिवसांत तो हात पहिल्यांदा स्वस्थ पडला होता. पूजेच्या पाण्यात कापूस भिजवून तिने त्यांच्या ओठांना लावला, आणि माझ्यापुढे मिटलेलं ते तोंड उघडलं.

मग तिने मला विचारलं की आता किती वेळ आहे. डॉक्टरांनी मुलाला कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सांगितलं होतं, पण मुलाने आईला काही सांगितलं नव्हतं. असा प्रश्न आला की डॉक्टरांना विचारा म्हणायचं आणि सटकायचं, हे मला चांगलं जमायचं. त्या दिवशी मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"लई न्हाई, अव्वा. आज, न्हाईतर उद्या."

तिने मान हलवली. तिला ते माहीतच होतं. फक्त कुणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं.

"मग मला हितंच बसू दे. त्यांच्या हातातून ते पडलं तर उचलून द्याया कुणीतर पायजे."

डॉक्टर कलबुर्गीचे, वयाने तरुण, नियमाचे पक्के. त्यांनी आधी इन्फेक्शनचं सांगितलं, मग बाकीचे नातेवाईक हेच मागतील म्हणाले. दोन्ही खरंच होतं. मी म्हटलं, सर, मी कालपासून एका माणसाला त्याचं गळ्यातलं लिंग शोधतो म्हणून बांधून ठेवलं आणि जेवत नाही म्हणून त्याच्या नाकात नळी घातली. सोमवारीच ही बाई आत असती तर दोन्ही टळलं असतं. त्यांनी फाईल उघडून माझी नोंद वाचली. मग नळी काढायला सांगितली, मशीनचा आवाज बंद करायला सांगितला आणि पडदा ओढून घ्या म्हणाले.

ती स्टुलावर बसून राहिली. कारखान्यातली पाळी संपल्यावर कोळारहून मुलगा आला, त्यालाही आत घेतलं. अप्पांना घरी न्यावं का, असं त्याने विचारलं. रस्त्यात काय होईल ते मी खरं सांगितलं, तेव्हा त्याने तो विचार सोडला. तेवढ्या वेळात हातातून लिंग दोनदा पडलं, दोन्ही वेळा तिने उचलून दिलं. शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला अप्पा गेले. मूठ मिटलेली होती.

त्यानंतर आमच्याकडे पडद्यामागे एक खुर्ची असते. पेशंट शेवटच्या घटका मोजत असेल तर घरचं एक जण तिथे बसतं. कुणाचा ताईत आम्ही दंडावरून काढून उशाशी ठेवतो, कुणाची तुळशीची माळ मनगटाला बांधतो. बाकी नियम आहेत तसेच आहेत, आणि वॉचमनशी माझी भांडणंही.

त्या शुक्रवारी आम्ही दोघींनी मिळून अप्पांचं अंग पुसलं. कपाळाला, छातीला, दंडाला तिने विभूती लावली. मग विभूतीची पुडी माझ्यापुढे धरली.

"मनगटाला तू लाव," ती म्हणाली.

दोन्ही मनगटांवर पट्टीचे वळ अजून तसेच होते. मी तीन बोटं विभूतीत बुडवली आणि त्या वळांवरून ओढली. विभूतीखालून वळ दिसत होते.