कांद्याचं सूप

थंडीत जिंतूरला, माहेरच्या स्वयंपाकघरात लोण्यात कांदा लालसर व्हायला लागला, की मला पुण्यातलं ते फ्रेंच रेस्टॉरंट आठवतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. नवऱ्याने मित्रांसोबत जेवायला नेलं होतं. चीज वितळलेलं कांद्याचं सूप आलं आणि पहिल्याच घोटाला माझी जीभ पोळली.

“लय गरम हाय ओ!” मी म्हणाले.

टेबलावर हशा पिकला.

“सांगितलं होतं ना मी?” नवरा मित्रांना म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “पुन्हा म्हण ना.”

मी म्हटलं. त्याने माझा हात धरला. माझं बोलणं त्याला आवडतं, असंच मी समजले.

याच बोलण्याची लाज वाटते म्हणून वर्षभरात त्याने मला माहेरी आणून सोडलं. त्या संध्याकाळी मात्र मी इतकी खूश होते, की कुणी न सांगता तिसऱ्यांदाही म्हणून दाखवलं.