उस्ताद आणि जावकचा शिक्का

आमच्या आडवळणाच्या गोरेगावातल्या उस्तादांचा ओरडा खाल्ल्याशिवाय तिथं कुणाची गाडी दुरुस्त झाली नाही. गाडी गॅरेजच्या दारात यायच्या आधीच आवाजावरून त्यांना दुखणं कळायचं आणि मालकावर तोंड सुटायचं. गाडीला मात्र असा हात लावायचे, की जणू तापलेल्या लेकराचं कपाळ बघतायत. माझी स्कूटी तेलावाचून जाम झाली तेव्हा भर बाजारात ओरडले, "बाई, ह्या गाडीले दात असते ना, तर तिनं पयले तुमाले चावलं असतं!" मी पाय आपटत घरी आले. दुसऱ्या दिवशी स्कूटी दारात उभी, न सांगता ब्रेकसुद्धा बदललेले.

आता तेव्हाची मी. पन्नाशी ओलांडलेली, एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या कागदावर 'आवक', गेलेल्या कागदावर 'जावक', मधल्या वेळात चहा. एवढ्याशा कामाचा काय तो तोरा! शिक्के मी पर्समध्ये घालून घरी न्यायची. त्यांची पूजा केली नाही एवढंच. साहेब रजेवर असले की चालसुद्धा बदलायची माझी. नात म्हणते, "आजी, तू फारच आगाऊ होतीस." होतेच. पुढं ऐक म्हणावं.

त्या वर्षी पुसेगावच्या रस्त्यावर एका परदेशी पोरीची मोटरसायकल बंद पडली. हॉलंडहून एकटी निघालेली, नंबरप्लेट तिकडचीच. टेम्पोत घालून गाडी उस्तादांकडं आणली. मागच्या चाकाचं बेअरिंग फुटलं होतं. उस्तादांनी तिलाही सोडलं नाही. "बेटी, गाडी रडून राहिली होती, तुले ऐकू न्हाई आलं?" तिला शब्द कळला नाही, राग कळला, मान खाली घालून उभी राहिली. मग त्यांनी मळणी यंत्राच्या दुकानातून त्याच नंबरचं बेअरिंग शोधून आणलं आणि दोन दिवसांत चाक फिरतं केलं.

त्या पोरीजवळ एक पिवळट वही होती. परदेशातली गाडी फिरायला म्हणून आणली, विकायला नाही, याचा तो दाखला. देशात शिरताना एका रकान्यात सीमेवरचा शिक्का, बाहेर पडताना दुसऱ्यात. ठरल्या तारखेच्या आत गाडी बाहेर गेली नाही तर जप्ती, आणि तिकडं तिचा बाप जामीन राहिला होता, त्याच्या मानेला फास. तारखेला बारा दिवस उरले होते. गाडी इथं बंद पडून होती एवढं कागदावर मिळावं, म्हणून ती आमच्या कचेरीत आली.

साहेब रजेवर. मी वही उघडली. एका रकान्यात ठसठशीत शिक्का, शेजारचा कोरा. कोरा रकाना मला बघवत नसे. गाडी आपल्या गावातून निघालीच आहे ना, मग? ती "नो, नो" म्हणेपर्यंत मी तारखेसकट 'जावक' हाणला. कचेरीचा गोल शिक्काही शेजारी दिला, शोभेला. वर हसून म्हणाले, "हॅपी जर्नी."

म्हणजे सरकारी शिक्क्यानिशी गाडी देशाबाहेर गेलेली आणि प्रत्यक्षात गोरेगावात उभी! पोरीनं घरी फोन लावला. तिकडून निरोप आला, की ज्यानं शिक्का मारला त्यानंच चूक लिहून द्यावी आणि गाडी अजून इथंच आहे असंही लिहावं, तरच सीमेवर काही होईल.

मी नाही म्हणाले. चूक? माझी? असे तीन दिवस घालवले.

चौथ्या दिवशी सकाळी उस्ताद माझ्या अंगणात. हात काळेच. "ती बेटी तिकडं जेवून न्हाई राहिली अन् तुमी इथं तुळशीले पानी घालून राहिल्या! काहून न्हाई लिवत?"

घाबरून मी लिहून दिलं. त्यांना वाचता येत नसे. "वाचा," म्हणाले. मी वाचलं, "सदर पानावर कार्यालयाचा शिक्का अनवधानाने उमटल्याचे दिसून येते."

"कोनी मारला, ते कुठंय ह्याच्यात?"

"अहो, सरकारी कागदात असंच लिहितात."

"मंग सरकारी नका लिवू. खरं लिवा. सीमेवरचा साहेब काय येडा हाय?"

शेवटी कचेरीच्या कागदावर लिहिलं. शिक्का मी मारला, मला तो अधिकार नव्हता, गाडी आज गोरेगावात आहे. खाली नाव, सही. ते पायरीवरच बसले होते. कागद वाळेपर्यंत उठले नाहीत.

पोरगी नेपाळच्या बाजूनं मुदतीच्या आदल्या दिवशी पार झाली. फोन उस्तादांना आला. ते कचेरीच्या खिडकीशी येऊन भांडल्यासारखे ओरडले, "गेली! पार झाली! आता तोंड काय पाहून राहिल्या, पेढे मागवा!" मी मागवले. आयुष्यात एवढे गोड पेढे खाल्ले नाहीत.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती नातवंडांना हसत हसत सांगितली असती. पण साहेब रजेवरून आले आणि मी सवयीनं फायलीला लावलेली त्या पत्राची स्थळप्रत त्यांच्या हातात पडली. "कचेरीच्या कागदावर स्वतःची चूक कुणी कबूल करतं का हो? पेन्शन नको आहे का?" मला नोटीस मिळाली. मग साहेब दार लावून हळूच म्हणाले, "तुम्ही आपणहून थोडंच लिहिलं असेल? कुणी दबाव आणला का?"

आणि मी म्हणाले, "गॅरेजवाल्यानं. घरी येऊन धमकावलं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी उस्तादांना बोलावून घेतलं. दहा ते पाच व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, नेमकं माझ्या टेबलासमोर. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी विचारलं नाही! येणारा-जाणारा बघत होता. ज्यांच्या गाड्या त्यांनी उधारीवर चालू केल्या, ते हसून म्हणत होते, "बरी जिरली." संध्याकाळी साहेबांनी विचारलं, धमकी दिली का? उस्तादांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. "मी ओरडलो, साहेब. मी समद्यावरच ओरडतो." बस. माफीनाम्यावर अंगठा घेतला, माझी नोटीस मिटली. तो कागद नियमाप्रमाणं माझ्याच टेबलावर आला आणि मी त्यावर 'आवक' मारला. वर चहाही घेतला मेलीनं!

महिनाभरानं स्कूटी घेऊन गेले. चेहरा निर्लज्ज. ब्रेक संपलेले, टायर गुळगुळीत. म्हटलं, आता फुटेल बॉम्ब. उस्ताद उठून उभे राहिले. "या मॅडम. बसा. चहा सांगू का?" गाडी तपासली, दुरुस्त केली, पुसून दिली. पुढची सगळी वर्षं तेच. "या मॅडम." शेजारी उभ्या गिऱ्हाईकाची सात पिढ्यांवरून बिनपाण्यानं हजामत चालायची आणि मला खुर्ची! त्या खुर्चीचा मला अजून राग येतो. साहेबांचा येतो, ते बढती घेऊन गेले. हसणाऱ्यांचा येतो. आणि पेन्शनच्या पैशांवर नातवंडांना आइस्क्रीम चारणाऱ्या या म्हातारीचा सगळ्यात जास्त.

यंदा उन्हाळ्यात उस्ताद गेले. मी कोऱ्या कागदावर सगळं खरं लिहिलं, सही केली आणि त्यांच्या मुलाला नेऊन दिलं. त्यानं उभ्याउभ्या वाचलं, नीट घडी घातली आणि कागद माझ्या हातात परत ठेवला.

"मॅडम, अब्बा असताना आणायचा होता."

तो घेत नाही म्हणून इथं देते. धमकी कुणी दिली नव्हती. खोटं मी बोलले.