बॉनेटच्या पलीकडे दाजी

"बाळू, हे बोलून न्हाई राहिले रे..." आक्काचा लातूरहून आलेला फोन एवढाच होता. मी नांदेडात, विष्णुपुरीच्या रस्त्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन उभा होतो. मला वाटलं, दाजी रुसले. आमचे दाजी रुसायचेच. वरणाला फोडणी कमी पडली तरी अर्धा दिवस मौन पाळणारा माणूस. मी हसत विचारलं, "आज कशावरून बिनसलं?" तिकडे आक्काच्या शेजारच्या काकांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "सर गेले. तुम्ही निघा." भाजीच्या पिशव्या मी कुठे ठेवल्या, ते मला आजही आठवत नाही.

दाजी कंधारच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि लातूरला घर बांधून राहिले. निवृत्तीनंतर त्यांना एकच व्यसन लागलं, ते म्हणजे बिघडलेली वस्तू दुकानात न नेता घरीच खोलायची. हाताला गुण होता असं मी म्हणणार नाही. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा आजही उलटी हवा घेतल्यासारखा फिरतो. पण खटाटोप मात्र शिस्तीचा. आक्काचं इडलीपात्र त्यांनी कधीच ताब्यात घेतलं होतं. बोल्ट निघेल तसा एकेका खळग्यात ठेवायचा, म्हणजे लावताना क्रम चुकत नाही. घरात इडली व्हायची बंद झाली. मी चिडवलं की म्हणायचे, "पाव्हणं, इडली हाटेलात भेटती. हरवलेला बोल्ट भेटतो का?"

त्यांची जुनी पांढरी गाडी शेवटी शेवटी आक्काच जास्त चालवायची. पन्नाशीनंतर त्यांनीच तिला शिकवली होती. उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग जड व्हायला लागलं. वळवताना कण्हल्यासारखा आवाज यायचा. स्टिअरिंगला जोर देणारा तेलाचा पंप गेला होता. नेमका त्याच दिवसांत आक्काचा उजवा खांदा आखडला. ती बोलली नाही, पण घराच्या फाटकातून गाडी आत वळवताना दात आवळते हे दाजींनी पाहिलं. "हिच्यानं आता होईना गेलंय," एवढंच मला फोनवर म्हणाले. त्या जुन्या गाडीचा पंप लातुरात मिळेना, म्हणून मी नांदेडच्या मुश्ताकभाईंच्या दुकानातून घेतला. मुश्ताकभाईंनी बजावलं, "सरांना म्हणावं जल्दी करू नका. हवा पूरी निघाली पायजे, न्हाईतर नवा पंप बी बोंबलतो." मी पंप नेऊन दिला. दाजी तो मांडीवर घेऊन बसले, नातवंड आल्यासारखे खूश.

तेलात अडकलेली हवा काढण्याचं काम दोघांचं असतं. पंप बसवून तेल भरलं की पुढची चाकं उचलून ओंडक्यांवर ठेवायची, इंजिन बंद ठेवायचं. एकानं आत बसून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, असं सावकाश फिरवत राहायचं. दुसऱ्यानं बॉनेट उघडून तेलाच्या डबीत बुडबुडे येतात का ते बघत उभं राहायचं. त्या सकाळी आक्का आत बसली, दाजी पुढे उभे राहिले. दोघांच्या मध्ये उघडं बॉनेट. त्यामुळे तिला ते दिसत नव्हते, त्यांना ती दिसत नव्हती. "मी ऱ्हाऊ दे म्हणल्याबिगर थांबू नको," त्यांनी सांगितलं होतं. आक्का फिरवत राहिली. खांदा दुखायला लागला तेव्हा तिनं विचारलं, "अहो, झालं का?" उत्तर नाही. कामात असले की ते उत्तर देतच नसत. ती फिरवत राहिली... दूधवाला फाटकाशी आला आणि म्हणाला, "काकू, सर असे खाली का बसलेत?"

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, कुणाच्या हातात काही नव्हतं. आक्काला ते पटेना. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तिचं एकच चालू. "ते तिथं तडफडले असतील आन् मी चाक फिरवून राहिले." जेवताना ताटाच्या कडेला धरलेले तिचे हात सावकाश डावीकडे जायचे, उजवीकडे जायचे. तिला ते कळत नसे. मला बघवायचं नाही. गाडी तशीच ओंडक्यांवर उभी होती. कुणीतरी बॉनेट तेवढं पाडलं होतं. मेकॅनिक बोलवू का म्हटलं की ती अंगावर यायची. नोकरीच्या गावाहून आलेल्या लेकीलाही तिनं गाडीला हात लावू दिला नाही.

गेल्या आठवड्यात तिनंच मला बोलावलं. लोहा, अहमदपूर करत मी दुपारी पोचलो. पाणीसुद्धा न विचारता म्हणाली, "तू पुढं उभा ऱ्हा. मी फिरवते. ह्यांचं काम अर्धं ठेवायचं न्हाई." मी बॉनेट उघडून उभा राहिलो आणि ती नाहीशी झाली. दिसत होती फक्त अधांतरी चाकं... डावीकडे वळायची, थांबायची, उजवीकडे वळायची. माणूस नसताना काहीतरी हलावं तसं. दाजी बसले होते ती जागा माझ्या पायाखालीच होती. खरं सांगतो, भर दुपारी मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बुडबुडे बघायला वाकलो तर डबीचं टोपण लावलेलं. घट्ट. त्यावर तेलकट अंगठ्याचा ठसा. हवा निघेपर्यंत टोपण उघडं ठेवतात, काम संपल्यावरच ते लावतात. मी ते फिरवून काढलं. तेल खुणेपर्यंत, नितळ, एक बुडबुडा नाही. मी ओरडलो, "आक्का, थांब. इकडं ये."

ती आली. मी तिला सगळं समजावून सांगितलं. दाजींनी काम पुरं केलं होतं, टोपण लावून झालं होतं, म्हणजे तोवर ते ठणठणीत होते. जे झालं ते त्यानंतर, आणि पटकन झालं. मला वाटलं, आता हिच्या छातीवरचा दगड उतरेल. आक्का टोपणावरच्या ठशाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे का म्हणले न्हाईत?"

मी टोपण लावलं, ओंडके काढले, चाकं जमिनीवर टेकवली. आक्का पुन्हा आत बसली आणि तिनं इंजिन चालू केलं. आवाज नाही, कण्हणं नाही. तिनं दुखऱ्या हाताचं एक बोट स्टिअरिंगला लावलं आणि ते फिरलं. "बाळू, एका बोटानं फिरतंय रे," ती म्हणाली आणि दाजी गेल्यापासून पहिल्यांदा रडली. रडता रडता ती ते डावीकडे फिरवायची, उजवीकडे फिरवायची. मी दाराशी उभा होतो. मी तिला थांब म्हणालो नाही.