गव्हर्नरच्या झाकणाआडचं कुंकू

खंडेनवमीला औजारांवर कुंकवाची बोटं उमटली की मला आजही ती मोटार आठवते, आणि हसू आवरत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावती-अकोला रस्त्यावरच्या ठाण्यात मी फौजदार होतो. दसरा होऊन महिना झाला असेल. एका खासगी प्रवासी मोटारीनं नाल्याच्या उतारावर बैलगाडीचं मागचं चाक उडवलं. माणसं, बैल सुखरूप. मी पंचनामा केला, ड्रायव्हरचं लायसन जप्त केलं. मोटारीचा मालक धावत आला.

"साहेब, इंजिनाला गव्हर्नर आहे. तो जास्त वेग घेऊच देत नाही. त्याच्या झाकणाला श्रावणात मोटार निरीक्षकानं लावलेलं शिशाचं सील पाहा, शाबूत! या ड्रायव्हरनंच उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडली."

ड्रायव्हर रडकुंडीला आला. "मी गिअरमंदीच होतो, साहेब. लायसन गेलं त घर कसं चालवू?"

सील खरोखर शाबूत होतं. मी लायसन रद्द करण्याचा अहवाल लिहायला घेतला, तोच समोरचा हॉटेलवाला चहा घेऊन आला.

"एक सांगू का, साहेब? ते मोटार यायच्या टायमावर मी भजे तळतो. दसऱ्यापासून भजे कढईत अन् मोटार दारात! रोज पाव घंटा आधी येऊन राहिली."

एका नाल्याच्या उतारानं रोज पाव तास वाचत नाही. मी लेखणी ठेवली आणि मोटारीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं.

"सीलले हात लावला असंल त हात झडो माहा!" त्यानं छातीवर हात मारला.

चार दिवसांनी हीच मोटार कौंडण्यपूरच्या यात्रेला खचाखच भरून जाणार होती. मी निरीक्षकाला बोलावून पंचांसमोर सील कापायला लावलं. झाकण निघालं. आतल्या, वेगाची मर्यादा ठरवणाऱ्या स्प्रिंगवर कुंकवाचं लालभडक बोट!

"मिस्त्री," मी म्हणालो, "श्रावणात बंद झालेल्या झाकणात खंडेनवमीचं कुंकू कसं शिरलं?"

म्हाताऱ्यानं स्प्रिंगला हात जोडले. "शेठनं यात्रेच्या खेपा वाढवाले सांगतलं, म्हून ताण वाढवला. जुनं सील तोडून नवं मीच ओतलं. पण पाटावर पाने-पक्कड पुजले, अन् ज्या स्प्रिंगवर दोन दिस राबलो, तिले तशीच ठेवू? पाप लागते, साहेब!"

मालक आणि मिस्त्री, दोघांवर खटला भरला. ड्रायव्हरला लायसन मिळालं. ते त्यानं दोनदा कपाळाला लावलं. स्प्रिंग मूळच्या ताणावर आली, नवं सील बसलं आणि मोटार यात्रा करून सुखरूप परतली. त्या संध्याकाळी मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

तेव्हापासून झडतीत मी माणसाच्या शपथेपेक्षा त्याच्या औजारांकडे आधी पाहू लागलो. मिस्त्री माझ्याशी बेधडक खोटं बोलला, स्प्रिंगशी बोलू शकला नाही. आणि माझं म्हणाल, तर शाबूत सील पाहून एका निर्दोष माणसाचं लायसन मी जवळजवळ बुडवलंच होतं.

आठवड्यानं हॉटेलवाला तक्रार घेऊन ठाण्यात हजर. "साहेब, काय करून ठेवलं? आता कुठं मी पाव घंटा आधी तळाले लागलो, त मोटार येईपर्यंत भजे थंडे होऊन राहिले!"

ती थंड भजी मी आनंदानं खाल्ली.