करडीचं ऊन, पहाडातलं ऊन

एप्रिल संपत आला की मी घरभर येरझाऱ्या घालू लागे. नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीमुळे आम्ही हिमाचलातल्या एका लहान पहाडी गावात राहत होतो आणि माझे बाबा इकडे भंडाऱ्याकडे, करडीला, एकटेच. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. दिल्लीचं वर्तमानपत्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायचं, त्यात शहरांची तापमानं असत. करडीचं कोण छापतो? मी नागपूरचा आकडा बघे आणि त्यावर मनानंच दोन अंश चढवी. जीव तिथं अडकलेला. नवरा म्हणायचा, "आकडा पाह्यल्यानं ऊन उतरते का तिकडचं?"

घाबरण्यासारखं झालंही होतं. एका नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, बाबा शेताच्या बांधावर चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांनी उचलून घरी आणलं, कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला. मला हे कळायला पंधरवडा लागला. तेव्हापासून मी एकच धोशा लावला: करडी आता राहण्यासारखी उरली नाही, ऊन वर्षागणिक वाढतंय, माझ्याकडे या. खरं सांगायचं तर ऊन नसतं तरी मी बोलावलंच असतं. मला ते जवळ हवे होते.

बाबा ऐकतील तर शपथ. "नवतपा माह्या बापाच्या काळातबी तपे," ते म्हणत. "तू थंड्या गावाले गेली, तुही कातडी नाजूक झाली. गाव नाही बदललं माय, तूच बदलली."

हे मला चांगलंच झोंबलं. पुढच्या सुट्टीत मी भिंतीवर टांगायचा थर्मामीटर घेऊनच करडीला उतरले आणि तो अंगणात, भर उन्हात टांगला. पारा असा चढला की शेजारीपाजारी बघायला जमले. दुपारची झोपून उठते तो थर्मामीटर गायब! बाबांनी तो आत नेऊन पाण्याच्या माठावर, ओल्या मातीच्या भिंतीला अडकवला होता. "पाह्य, कुठं गरम होऊन राहिलं?" म्हणाले. हट्टात मी त्यांचीच लेक. सुट्टीभर ते यंत्र अंगणातून घरात आणि घरातून अंगणात फिरत राहिलं. त्यातून काय सिद्ध झालं? काहीच नाही. आजचं ऊन मोजून कालचं ऊन कळत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही.

मग बाबांना आणखी एकदा चक्कर आली आणि ते एकदाचे एका उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आले. एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेलं होतं. मे महिन्यात स्वेटर घालून ओसरीवर बसलेले बाबा पाहून मला जग जिंकल्यासारखं वाटलं. तरी चित्त थाऱ्यावर नव्हतं. ते कंटाळले तर? निघतो म्हणाले तर? मी उगाच सारखा चहा करत सुटले.

शेजारी सफरचंदांची बाग असलेले एक म्हातारे राहत. त्यांची बाबांशी गट्टी जमली. यांचं हिंदी नागपुरी वळणाचं, त्यांचं पहाडी. पण शेतकऱ्याला शेतकरी कळतो. एका सकाळी बाबांनी सहज विचारलं, तुमच्या लहानपणीही इथं असंच होतं का? म्हातारे सुटलेच. पूर्वी बर्फानं दारं अडायची, आता पोरं बर्फ बघायला वरच्या डोंगराकडे माना वळवतात. झाडांना पुरेशी थंडी मिळत नाही, बहर भलत्याच वेळी येतो. खालच्या वाफ्यांतली सफरचंदाची झाडं तोडून तिथं त्यांनी पीचची झाडं लावायला घेतली होती.

मी भाजी निवडत ऐकत होते. करडीत अजून धान तेच, मोहफुलं त्याच सुमाराला. इथं मात्र झाडंच बदलायची पाळी आली होती. इतकी वर्षं मी करडीचं ऊन इथल्या थंडीशी ताडून बघत होते. करडीचा काल करडीच्या आजशी आणि इथला काल इथल्या आजशी लावून बघावा, हे मला सुचलंच नव्हतं. तसा लावला, तर जास्त बदललेलं गाव माझं, हे पहाडातलं निघत होतं.

बाबांनाही ते कळलं असणार. मिशीतल्या मिशीत हसले तेवढे.

पाऊस पडायच्या आत धानाच्या रोपांची जागा तयार करायची म्हणून ते निघाले. बसस्टँडवर मी पुन्हा तेच सुरू केलं. राहा ना बाबा, तिथं ऊन किती वाढून राहिलं...

"बदलते म्हनून गाव सोडाचं असन, त आधी तूच सोड," बाबा म्हणाले. नवरा हसला, मीही हसले.

बाबा हसत नव्हते. "चाल ना माय," ते म्हणाले. "मले तिथं एकट्याले करमत नाही."

आई गेल्यापासून हे त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. मुलांची शाळा, नवऱ्याची नोकरी, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. कंडक्टरनं शिटी वाजवली.

"दिवाळीले येतो, बाबा," मी म्हणाले. अजून मृगही लागला नव्हता.