दीड लिटरची पंगत

सिद्रामप्पा आमच्या तपासणी केंद्रात पहिल्यांदा आले, तेव्हा काउंटरवर शबानाने त्यांचं नाव, गाव, वय विचारून घेतलं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी काउंटरवर कोपर टेकलं आणि एखाद्या कार्यात विचारावं तसं विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. आज वाढणार काय हाय?"

आतड्याच्या एमआरआयआधी आम्ही पेशंटला दीड लिटर गोडसर औषधी पाणी पाजतो. त्याने आतडं फुगतं, आणि फुगलं की त्याची भिंत नीट दिसते. सिद्रामप्पांची चौकशी त्या पाण्याची होती. शबानाने पहिला पेला पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "ही हुग्गी हाय. निस्ते गहू पळून गेल्यात."

मला आतल्या खोलीत हसू आवरेना, म्हणून बाहेर आले. एरवी मी बाहेर क्वचित येते. आम्ही रेडिओलॉजिस्ट लोक माणसं आतूनच ओळखतो. रस्त्यात भेटली तर तोंड ओळखीचं वाटत नाही.

सिद्रामप्पा मंद्रूपचे आचारी. त्या पट्ट्यातल्या लग्नांत गव्हाची खीर, म्हणजे आमची हुग्गी, त्यांच्या हातची असली की पाहुणे मुहूर्ताच्या आधी येत. एके काळी माणूस चांगला धिप्पाड असणार. मी पाहिला तेव्हा शर्ट तेवढा धिप्पाड राहिला होता. जेवलं की तासाभरात पोटात पीळ पडायचा, कधी कधी उलटी. आपल्याकडे आतड्याला सूज दिसली की आधी टीबीचं औषध सुरू होतं, तसं त्यांचंही झालं. दोन्ही आजार फोटोत सख्ख्या भावांसारखे दिसतात, त्यामुळे कोणाला दोष द्यावा असंही नाही. पुढे दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला, तेव्हा क्रोन्स निघाला. हा आजार लहान आतड्याला जागोजागी सुजवतो आणि हळूहळू अरुंद करत नेतो. सिद्रामप्पा त्याला पाहुणा म्हणत. "बिनबोलावता आला, जेवला, आन आता जायाचं नाव घेत न्हाई."

हा पाहुणा बसलाय कुठे, हे शोधायला त्यांच्या जवळजवळ सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, आणि त्यांनी प्रत्येकीला चवीवरून मार्क दिले होते. बेरियमला शून्य. "भित्तीला लावायचा चुना मला पाजला ओ. वर म्हणत्यात, स्ट्राबेरीचा वास हाय." सीटी स्कॅन बरा, कारण लवकर उरकतो, पण सुई दिली की "अंगातनं तापल्यालं त्याल फिरतंय." सोनोग्राफी त्यांना कंजूस वाटे. प्यायला काही नाही, खायला काही नाही, वरून पोटावर जेली फासतात. एमआरआयची हुग्गी झाली, पण नंतर बोगद्यात निजवून पाऊण तास यंत्रमागाचा खडखडाट ऐकवतात. तो ऐकायचा तर एमआयडीसीत जाऊन चार पैसे तरी मिळाले असते. पहिला नंबर त्यांनी जी तपासणी झालीच नव्हती तिला देऊन ठेवला होता: गिळायची कॅमेऱ्याची गोळी. चव नाही, वास नाही, बोगदा नाही.

आम्हा डॉक्टरांची क्रमवारी याहून शहाणी असते असं कोणी समजू नये. ज्याच्याकडे जे मशीन, त्याची त्यावर श्रद्धा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्यातल्या त्यात खरं सांगायचं तर असं, की सोनोग्राफी स्वस्त आणि पुन्हा पुन्हा करता येते, पण मध्ये गॅस आला की आंधळी होते आणि बघणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. सीटी घाईच्या वेळी देवासारखा धावतो, पण दर दोन-चार महिन्यांनी कोणाला क्ष-किरणांत शेकत बसावं? गोळी आतड्याच्या आतल्या अस्तरावरची बारीक जखमही टिपते, पण भिंतीच्या पलीकडचं तिला दिसत नाही. एमआरआय वेळखाऊ आणि महाग, मात्र भिंत ताजी सुजली आहे की तिथे जुना वण धरला आहे, याचा अंदाज तोच चांगला देतो. आणि सिद्रामप्पांच्या बाबतीत सगळं त्या एका प्रश्नावर अडलं होतं. सूज असेल तर औषध. वण असेल तर ऑपरेशन.

ऑपरेशनला ते भीत होते. मरणाला नाही, ऑपरेशनला. "मीठ जिभंला कळतंय बाई, पण सैपाक पोटाला कळतोय. पोट कापलं की आचारी सपला," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मलाही अधूनमधून पटू लागलं होतं. वैद्यकशास्त्रात याला आधार नाही, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "तुमचं शास्त्र कवा लग्नात जेवलंय?"

पहिल्या एमआरआयचा मात्र त्यांनी बट्ट्याबोळ केला. पाऊण तासात हळूहळू प्यायचं पाणी त्यांनी दोन दमांत संपवलं आणि मशीनवर निजायच्या वेळी ते संडासात होते. फोटोत आतडं रिकाम्या पिशवीसारखं चिकटलेलं. "घाईनं वाढलं की पंगत नासती," असं त्यांनी स्वतःच कबूल केलं, पण चूक शबानाच्या वाढण्याची ठरवली. औषधं सुरू होतीच, म्हणून आम्ही काही महिने सोनोग्राफीवर काढायचे ठरवले.

मग दर वेळी मी त्यांना उपाशीपोटी यायला सांगायचे आणि दर वेळी पडद्यावर, आतडं जिथे अरुंद झालं होतं त्याच्या अलीकडे, बारीक दाणे साचलेले दिसायचे.

"अप्पा, काय खाल्लंत?"

"काय न्हाई की."

"मग हे काय दिसतंय?"

ते मान वळवून पडदा बघत. "चटणीची चव बघितली. खाल्ली न्हाई. चव बघणं येगळं, खाणं येगळं."

शेंगाचटणीची वाटीभर चव बघणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

सोनोग्राफी झाली की ते घरी जात नसत. मंद्रूपची गाडी यायला वेळ आहे, असं सांगून बाकावर बसत आणि एमआरआयसाठी आलेल्या पेशंटना पाणी पाजायचा कारभार हातात घेत. जेऊरचे एक निवृत्त मास्तर दोन पेले पिऊन तिसऱ्याला हात जोडून बसले होते. त्यांनी पेला पालथा घातला. सिद्रामप्पांनी तो सुलटा केला.

"मास्तर, पेला पालथा घालणं म्हंजे यजमानाचा अपमान."

"अहो, पण आता खरंच जात नाही!"

"व्हय, न्हाईच जाणार. ह्यो अर्धा मास्तरीणबाईंच्या नावानं घ्या."

मास्तरांनी घेतला. मग एक मंद्रूपच्या नावाने, एक जेऊरच्या स्टेशनाच्या नावाने. शेवटी त्यांनी घायकुतीला येऊन, कुठून ऐकलं होतं कोण जाणे, कानडीत "साकु, साकु" म्हणजे पुरे पुरे म्हटलं. सिद्रामप्पांचा चेहरा उजळला. "कानडी येतंय की तुमाला! मग ह्यो आमच्या अक्कलकोटच्या पाव्हण्यांसाटी." मास्तरांचे फोटो इतके सुंदर आले की मी ते इतर डॉक्टरांना दाखवत हिंडले.

त्याच दिवशी सिद्रामप्पा माझ्याकडे वळले. "बाई, हे पाणी तुमी स्वता कवा पिलाय का?"

"मी कशाला पिऊ? मला काय झालंय?"

"चाखल्याबिगर वाढू नये, बाई. आमच्यात तसल्या आचाऱ्याला चुलीम्होरं उबं करत न्हाईत."

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी इरेला पेटून चार पेले रिचवले. पुढचा तासभर मी कुठे होते हे लिहिण्यासारखं नाही. शबानाने बाहेर "मॅडम रिपोर्टिंग करतायत" असं सांगून वेळ मारून नेली. आमच्या बाथरूमची कडी वर्षभर निघालेली होती. ती त्याच संध्याकाळी बसवून घेतली. पाणी गार करून, लहान पेल्यांत, मध्ये थांबत द्यायचं, हेही तेव्हापासूनच. आजही आमच्याकडे नवा डॉक्टर आला की त्याला आधी दीड लिटर पाजते, आणि मग पगाराचं बोलते.

पुढे सिद्रामप्पांचं दुखणं वाढलं. भाताचा घासही अडू लागला. तेव्हा ते गोळीच्या मागे लागले. "ती क्यामेऱ्याची गोळी द्या. बगू तरी आत काय चाललंय."

"अप्पा, ज्या वाटेने शेंगदाणा जात नाही, तिथून कॅमेरा कसा जाईल? अडकला तर?"

"अडकला तर काय करत्यात?"

"बहुतेकदा पोट उघडून काढावा लागतो."

ते शबानाकडे वळून म्हणाले, "वाढ ग हुग्गी."

या खेपेला त्यांनी एकेक घोट असा घेतला, जणू समोर यजमान बसला आहे. शबाना नुसती उभी होती. आग्रह करायला कोणी नव्हतं, म्हणून तो त्यांनी स्वतःलाच केला. फोटो स्वच्छ आले. अरुंद झालेल्या जागी ताज्या सुजेची खूण जवळपास नव्हती. निबर, आवळलेला वण होता आणि त्यामागे आतडं फुगून बसलं होतं. मी तो फोटो दोनदा नव्हे, खूपदा पाहिला. वेगळं काही दिसेल अशी आशा होती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मी त्यांना खुर्चीवर बसवून सांगितलं, "अप्पा, औषधाने हे सुटणार नाही. तेवढा भाग काढावा लागेल."

त्यांनी पोटावरून एकदा तळहात फिरवला आणि म्हणाले, "बरं. पण कापायला तुमी सांगितलंय. तवा पयली प्येज तुमीच वाढायची."

ऑपरेशनमध्ये सर्जनने वीतभर आतडं काढलं आणि दोन टोकं जोडली. नाकातली नळी निघाली, आणि तांदळाची पातळ पेज द्यायला हरकत नाही असा निरोप आला. माझ्या स्वयंपाकाबद्दल आमच्या घरात मतभेद नाहीत. सगळ्यांचं एकच मत आहे. तरी मीच केली. डब्यात भरली आणि घाईघाईने दवाखाना गाठला.

सिद्रामप्पा उशीला टेकून बसले होते, अर्धे राहिलेले. बाजूला त्यांची बायको शिवम्मा पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. मी चमचा पुढे केला. त्यांनी पेज तोंडात घेतली, पहिल्या दिवशीसारखी फिरवली आणि डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलेना. मला वाटलं, संपलं. यांचं खरं होतं आणि आमचं शास्त्र कधी लग्नात जेवलंच नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. पोटावरच्या पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई," ते म्हणाले, "चाखली न्हाई की तुमी."

मी चमचा पुन्हा भरून पेज तोंडात घातली. मिठाचा कणही नव्हता. मीठ घालायचंच राहिलं होतं. आचारी संपला नव्हता. मला एकदम रडू कोसळलं, इतकं की शिवम्माच मला धरायला पुढे आली.

"रडताय कशाला?" सिद्रामप्पा म्हणाले. "मीठ आणा की."