बोरांत लपवलेले ऑलिव्ह

नातवाच्या डोक्यावर मी ऑलिव्ह ओतले, असं आमच्या घरात आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. ओतले सुनेने. मी फक्त बोरांत लपवले होते.

आता हे पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही बायकोच्याच बाजूने जाल. (सगळेच जातात. सोसायटीचा वॉचमनसुद्धा गेला.)

तर दिवाळीनंतर माझं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा." कमी म्हणजे कमी ना? पण बायकोने, आमच्या सुनंदाने, त्याचा अर्थ 'बंद' असा लावला. पापड बंद, फरसाण बंद, सुकट बंद! अहो, आम्ही मूळचे कणकवलीकडचे. सुकट बंद केल्यावर माणसाने जगायचं कशावर? आणि शेवटचा घाव म्हणजे कैरीच्या लोणच्याची बरणी. आईच्या पद्धतीचं लोणचं, मे महिन्यात घातलेलं, छान मुरलेलं. झाकण उघडलं की बी विंगमधल्या माणसाला भूक लागावी असं! ती बरणी हिने फडकं बांधून माळ्यावर ठेवली.

"प्रेशर खाली आलं की बरणी खाली येईल," ही म्हणाली. "आणि मध्येच कुठे चोरून खारट खाताना सापडलात ना, तर बरणी सरळ मुलुंडला कुमुदताईंना देऊन टाकीन. सांगून ठेवते!"

कुमुदताई म्हणजे आमच्या विहीणबाई, सुनेची आई. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. त्यांचा त्या लोणच्यावर डोळा आहे हे मी साखरपुड्याच्या जेवणातच ओळखलं होतं. दोनदा मागून घेतलं होतं त्यांनी!

लोणच्याच्या जागी माझ्या ताटात गाजर आलं. सकाळी गाजर, दुपारी गाजराची कोशिंबीर, संध्याकाळी चहाबरोबर गाजराच्या चकत्या. चहाबरोबर! थंडीत बोरीवलीच्या मार्केटमध्ये लालबुंद गाजरांचे ढीग लागतात, ते मला बघवेनासे झाले.

अशात एका रविवारी मुलाने, निखिलने, घरी पिझ्झा करायचा घाट घातला आणि ऑलिव्हची बाटली आणली. हिरवे, बिया काढलेले, मिठाच्या पाण्यात बुडवलेले. मी सहज एक तोंडात टाकला आणि आईशप्पथ सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. थोडा कडू, थोडा आंबट, पण खारट! इतक्या दिवसांनी खारट! त्या रात्रीच्या पिझ्झ्यावर नुसतं चीज होतं, एवढं सांगितलं म्हणजे पुढचं तुमच्या लक्षात येईल.

चोरी एकदा चालते. रोज खायचं तर शास्त्राचा आधार हवा. मी कॅलेंडरचं मागचं पान घेतलं, पट्टीने रेघा मारल्या, एका बाजूला ऑलिव्ह आणि एका बाजूला गाजर असा तक्ता केला आणि तो हिच्यापुढे धरला.

"हे बघ. ऑलिव्हमध्ये चांगली चरबी असते. हृदयाला उत्तम! शिवाय व्हिटॅमिन ई. आणि गाजरात चरबी? नावालासुद्धा नाही!"

"गाजरात व्हिटॅमिन ए असतं."

"ते डोळ्यांसाठी. माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"मग बाटलीमागचं वाचा बघू. मीठ किती लिहिलंय?"

"फार बारीक अक्षर आहे गं, दिसत नाही."

"म्हणून गाजर खा!"

मी चिडून तक्त्याचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मुलुंडहून उत्तर. 'भाऊ, मिठाची ओळ राहिली आहे. ऑलिव्ह वाईट नाहीत, उलट गाजरातलं व्हिटॅमिन ए अंगी लागायला थोडी चरबी हवीच, तेव्हा दोन्ही एकत्र चांगलेच. पण मिठाच्या पाण्यातले तुम्हाला नकोत. दहापैकी चार मार्क.' चार! सुनेने खाली हसून लोळणारी तोंडं टाकली. माझ्याच वायफायवरून!

पण मी असा ऐकणारा असतो, तर ब्लडप्रेशर वाढलंच नसतं. संक्रांतीनंतरच्या शनिवारी नातवाचं, म्हणजे दीड वर्षाच्या ओजसचं, बोरनहाण ठरलं. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, गोळ्या असं सगळं ओतायचं आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचं. समारंभ बायकापोरांचा. पुरुषांना कामं. मला काम मिळालं बोरं धुऊन, पुसून डब्यात भरायचं.

बोरं आणायला गेलो आणि येताना (गुपचूप) ऑलिव्हची एक बाटली विकत घेऊन खिशात घालून आलो. ही चुरमुरे आणायला खाली गेली होती, सून ओजसला निजवत होती. मी स्वयंपाकघरात बाटली उघडली, खारं पाणी सिंकमध्ये ओतलं, पहिला ऑलिव्ह उचलला आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरली!

माणसाला संकटात बुद्धी सुचते म्हणतात. मला जे सुचलं त्याला बुद्धी म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा. समोर बोरांचा डबा. बोरं हिरवी, ऑलिव्ह हिरवे. बोरं गोल, ऑलिव्ह... साधारण गोल. ओतले डब्यात! वरखाली केले! रिकामी बाटली कचऱ्याच्या पिशवीत तळाशी आणि झाकण गडबडीत कुर्त्याच्या खिशात. मनात म्हटलं, समारंभ पाचला आहे, दुपारी सगळे आडवे झाले की निवांत वेचून खाऊ.

"झाली बोरं पुसून?" ही आत आली.

"झकास!"

"मग आता ऊस घेऊन या. आणि तुकडे करून आणा, मागच्यासारखे बांबू नकोत."

उसाच्या गाडीवर ही गर्दी! तासाभराने परत येतो तो घरात वीसएक चपला. कुमुदताई मुलुंडहून आल्या होत्या आणि ओजस पाचला पेंगेल म्हणून त्यांनी समारंभ अलीकडे ओढला होता. हॉलमध्ये परात भरून तयार. चुरमुरे, गोळ्या, बोरं आणि माझे ऑलिव्ह!

मी ऊस टाकला आणि थेट परातीपुढे मांडी घातली.

"बाबा, काय करताय?" सून तेजल म्हणाली.

"किडकी बोरं काढतोय."

"अहो, पण ती तोंडात का टाकताय?"

"गोड आहेत का बघतोय!"

"किडकी?"

चार ऑलिव्ह आत गेले होते, पाचवा गालात होता, तेवढ्यात हिने परात उचलली. "उठा बघू! बायकांत काय काम तुमचं?" आणि तेजलने ओजसच्या डोक्यावर धडाधड ओतायला सुरुवात केली. टाळ्या, फोटो, आरडाओरडा! पोरं तुटून पडली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मनात कुलदैवत आठवलं.

"शीऽऽ! हे बोर खारट आहे!" दुसऱ्या मजल्यावरची पिंकी ओरडली आणि तिने ते कुमुदताईंच्या पैठणीवर थुंकलं.

"माझ्या बोराला आरपार भोक आहे!"

"माझ्यापण! आणि बी नाहीये!"

झालं! एक आई किंचाळली, "अगं बाई, इंजेक्शन दिलेली बोरं! हल्ली देतात म्हणे!" मग काय विचारता! प्रत्येक आईचं बोट प्रत्येक पोराच्या तोंडात. पोरं रडतायत, कोणी चूळ भरायला लावतंय, कोणी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतंय. सेक्रेटरीच्या बाईंनी पदर खोचला. "कुठून आणली हो बोरं? स्टेशनबाहेरच्या मावशींकडून ना? चला गं सगळ्या, आत्ताच्या आत्ता जाब विचारू तिला!"

त्या मावशीचा बिचारीचा काय दोष? तोंड उघडावं तर बरणी मुलुंडला. गप्प बसावं तर बारा बायका एका बोरवालीवर चालून जाणार.

"जाऊ द्या हो," मी म्हणालो. "गरीब बाई आहे. चूक होते माणसाची."

हिने माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्ही? अहो, गेल्या आठवड्यात मूठभर बोरं जास्त दिली नाहीत म्हणून तिच्याशी रस्त्यात भांडलात ना तुम्ही?"

मी काही बोलणार तेवढ्यात ओजस पाटावरून उठून दुडूदुडू माझ्याकडे आला. त्याच्या हलव्याच्या मुकुटात एक ऑलिव्ह अडकला होता आणि दुसरा तो मिटक्या मारत चघळत होता. (रक्त आहे शेवटी!) मी त्याला उचललं. रोजच्या सवयीने त्याने खाऊसाठी माझ्या खिशात हात घातला आणि काढलं ते झाकण. ते त्याने प्रेमाने आजीच्या हातात दिलं.

आजीने ते आपल्या विहिणीला दिलं. कुमुदताईंनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, "हिरवे ऑलिव्ह. मिठाच्या पाण्यातले."

ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ही फक्त म्हणाली, "अहो, जरा स्टूल धरा."

मी स्टूल धरलं. माझ्याच हातांनी धरलं हो! ही वर चढली, बरणी खाली आली. कुमुदताई "अहो राहू दे, सुनंदाताई, कशाला!" म्हणत होत्या आणि दुसऱ्या हाताने पिशवीत जागा करत होत्या. रिक्षापर्यंत बरणी मीच पोचवली. मांडीवर घट्ट धरा, असंही मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या मावशीकडे गेलो आणि घासाघीस न करता अर्धा किलो बोरं घेतली. तिने दोनदा निरखून बघितलं माझ्याकडे.

मग मी खरंच सुधारलो. (इलाज काय?) गाजर खाल्लं, चाललो, मिठाकडे बघितलं नाही. होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला आणि म्हणाले, "वा! आता रविवारी लोणच्याची एखादी फोड चालेल."

दवाखान्याच्या पायरीवरूनच मुलुंडला फोन लावला.

"विहीणबाई, प्रेशर उतरलं! आमची ती बरणी..."

"अरे वा, अभिनंदन! पण लोणचं कधीच संपलं हो भाऊ. काय सुंदर झालं होतं!"

"संपलं?" मी पायरीवरच बसलो. बाईंना दया आली असावी.

"पण खार उरला होता बराच. टाकवेना. म्हणून त्यातच नवीन फोडी घालून मुरवल्यात. देऊ पाठवून?"

"द्या की!" मी जवळजवळ ओरडलोच. "कसल्या फोडी?"

"गाजराच्या!"

रविवारी बरणी आली. तक्त्यात मी आता स्वतःच्या हाताने गाजराला दहापैकी दहा दिलेत. आणि खारातून वेचून वेचून फोडी खाताना मला बघून ही 'काय करताय?' विचारते, तेव्हा मी खाली मान घालून सांगतो, "किडक्या काढतोय."